ग्राहक तीनशे किलोमीटरवर, आणि खोगीर मात्र मापात बसलं पाहिजे!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर एक खोगीर ठेवलं होतं. ते बघून बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल, "सर, आम्ही ब्लाउज शिवतो, जाळ्या बसवतो, चपला विकतो. आम्हाला खोगिराचं काय?" आहे, खूप काही आहे. जी वस्तू अंगावर किंवा जागेवर नेमकी बसावी लागते, ती लांबून विकायची म्हणजे काय, हे खोगिराइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही. कारण ब्लाउज घट्ट झाला तर ताई फोन करून सांगतात. खोगीर घट्ट झालं तर घोडा फोन करत नाही. तो सहन करतो, आणि त्याची पाठ जाते.

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण धडा इथे लिहून देतोय. वही घेऊन बसा.

गोष्ट कुठून सुरू झाली

आपल्या जुन्या बॅचमधला एक मुलगा आहे. माथेरानच्या पायथ्याच्या गावातला. घरात दोन पिढ्या घोडे. तुम्हाला माहीतच आहे, माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे बरेच जण पायी किंवा घोड्यावरून जातात. या मुलानं लहानपणापासून तंग आवळलेत, खोगिरातली भरती बदललीय. त्यानं ठरवलं, आपण खोगीर आणि साज विकायचा. माल कानपूरचा. आपल्या देशात खोगीर आणि घोड्याच्या साजाचं मोठं केंद्र म्हणजे कानपूर. तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. तिथून माल जगभर जातो, मग नाशिक-साताऱ्याला का नाही?

ग्राहक मिळाले. फार्महाउसवर एक-दोन घोडे ठेवणारे, छोटे रायडिंग क्लब चालवणारे, सारंगखेड्याच्या यात्रेत हौसेनं घोडा घेतलेले. पहिल्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला, "१७ इंची पाठवा, चांगल्या चामड्याचं." यानं पाठवलं. पैसे आले. पोरगा खूश.

तीन आठवड्यांनी फोटो आला. घोड्याच्या खांद्यामागे दोन्ही बाजूंना सूज. खाली एकच ओळ होती, "हे तुमचं खोगीर."

तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "सर, त्यांनी सांगितलं तेच माप पाठवलं. माझी चूक काय?"

मी म्हटलं, "बाळा, इथेच घोडं पेंड खातं. ते माप कोणाचं होतं?"

१७ इंच म्हणजे कोणाचे १७ इंच?

इंग्लिश पद्धतीच्या खोगिरावर १६, १७, १८ असा जो आकडा असतो, ते बैठकीचं माप. खोगिराच्या पुढच्या भागाला बाजूला एक बटण असतं, तिथून मागच्या उंच कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर. म्हणजे हे माप बसणाऱ्या माणसाचं आहे. घोड्याच्या पाठीबद्दल हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

घोड्याला काय लागतं? खोगिराच्या आत एक सांगाडा असतो, धंद्यात त्याला ट्री म्हणतात. त्या ट्रीची रुंदी आणि कोन घोड्याच्या पाठीशी जुळावा लागतो. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड घ्या. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, ज्याला विदर्स म्हणतात, तो त्याला बहुतेक वेळा उंच असतो आणि पाठ अरुंद असते. उलट गुबगुबीत, गोल पाठीचं एखादं तट्टू घ्या. दोघांवर बसणारा माणूस एकच, बैठक १७ इंचीच, पण ट्री पूर्ण वेगळी लागणार.

ग्राहकानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. योग्य प्रश्न विचारणं हे विकणाऱ्याचं काम होतं.

धडा १: ग्राहक जे माप सांगतो ते बऱ्याचदा अर्धंच असतं. उरलेलं अर्धं विचारून काढायचं काम तुमचं.

एक परतावा किती महाग पडतो?

आपण हिशेब केल्याशिवाय पुढे जात नाही. समजा, खोगीर १३,५०० ला घेतलं, १८,००० ला विकलं. पाठवायचा खर्च ९०० रुपये, तो आपल्याकडे. सगळं नीट झालं तर हातात ३,६०० राहतात.

आता माल परत आला. १८,००० परत दिले. जाण्यायेण्याचे ९०० आणि ९०० गेले. आणि खोगीर आता वापरलेलं, समजा ते ११,००० ला विकलं जाईल. म्हणजे खरेदीवर २,५०० चा तोटा. एकूण तोटा ४,३००.

बघा, एका परताव्यात एका चांगल्या विक्रीचा नफा तर गेलाच, वर ७०० रुपये खिशातून. आणि घोड्याच्या पाठीचं, तुमच्या नावाचं मोल यात धरलेलंच नाही. म्हणून माप घ्यायला लावलेला अर्धा तास हा फुकट गेलेला वेळ नाही. तोच तुमचा धंदा आहे.

मग लांबून मदत कशी करायची?

ब्रिटन-अमेरिकेत खोगीर बसवून देणं हा शिकून करायचा व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स ही संस्था १९६६ पासून आहे आणि ती खोगीर बसवणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन पात्रता देते. तिकडेही सगळीकडे तज्ज्ञ पोहोचत नाही, म्हणून फोटो, पाठीचे आराखडे आणि व्हिडिओ मागवून सल्ला देण्याची पद्धत रुळली आहे. आपल्या या मुलानं तीच पद्धत आपल्या ग्राहकाला जमेल अशी मराठीत बसवली. चार पायऱ्या आहेत.

पायरी १: फोटो

घोडा सपाट, कडक जमिनीवर उभा. चारही पाय नीट, मान सरळ, डोकं नेहमीच्या उंचीवर. घोडा दुसऱ्या माणसानं धरायचा. कॅमेरा घोड्याच्या पाठीच्या उंचीवर धरायचा, वरून खाली नाही.

- डावी आणि उजवी बाजू, खोगीर न घालता.
- मागून थोड्या उंचावरून, सुरक्षित अंतर ठेवून, पूर्ण पाठ दिसेल असा.
- सध्याचं खोगीर खाली कापड न ठेवता पाठीवर ठेवून, आधी तंग न बांधता आणि मग बांधून. दोन्ही बाजू, समोरून आणि मागून.
- स्वार बसल्यावर बाजूनं.

फोटो वाईट आला तर अंदाज लावायचा नाही, परत मागायचा. घोडा उतारावर उभा असेल तर खोगीर पुढे झुकलेलं दिसतं आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढतो.

पायरी २: पाठीचा आराखडा

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सामान विकणाऱ्या दुकानात वाकवता येणारी लवचीक पट्टी मिळते. साधारण ६० सेंटीमीटरची घ्यायची. ती घोड्याच्या पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी नीट दाबायची, आकार घेतला की अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि आतल्या कडेनं पेन्सिल फिरवायची.

हे तीन जागी करायचं: खांद्याच्या हाडाच्या मागे, जिथे ट्रीचं पुढचं टोक बसतं. पाठीच्या सर्वांत खोल भागावर. आणि शेवटच्या बरगडीच्या रेषेत. मग चौथी रेघ पाठीच्या लांबीनं, विदर्सपासून मागे. प्रत्येक जागी घोड्यावर आधी खडूनं खूण करायची, आणि कागदावर डावी, उजवी, तारीख आणि घोड्याचं नाव लिहायचं.

आता छोटी पण लाख मोलाची गोष्ट. आराखडा ग्राफ पेपरवर काढायला सांगा. का? ग्राहक त्याचा फोटो तिरका काढून मोबाइलवर पाठवतो आणि आकार बदलतो. ग्राफ पेपर असेल तर चौकटी वाकड्या झालेल्या लगेच दिसतात. शक्य असेल तर मूळ कागद पोस्टानंच मागवा. आपला मुलगा आता तेच करतो. पाकीट, तिकीट, पट्टी सगळं स्वतः पाठवतो, आणि पट्टी परत घेतो.

पायरी ३: हात आणि डोळे ग्राहकाचे, डोकं तुमचं

फोटोतून दाब कळत नाही, उष्णता कळत नाही, कुठे कडक आहे ते कळत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल लावायचा आणि ग्राहकालाच बोलतं करायचं. "दादा, तळहात सपाट ठेवा. खोगिराखाली खांद्यापासून मागे सरकवा. कुठे हात अडकतो? कुठे एकदम मोकळा होतो?"

मग विचारायचं:

- खोगीर घातल्यावर घोडा कान मागे टाकतो का, तंग आवळताना चावायला येतो का?
- पाठीवर कुठे पांढरे केस आलेत का? जुन्या दाबाच्या जागी असे केस उगवतात.
- काम झाल्यावर खोगिराखालचा घाम कसा दिसतो? सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर लक्ष द्या. तिथे फार दाब असेल, किंवा खोगीर तिथे टेकतच नसेल. कोणतं ते हात लावून बघायचं.
- खांद्याच्या मागे खळगा पडलाय का?

आणि एक नियम, ज्यात सूट नाही: जखम, सूज, हात लावताच घोडा पाठ खाली घेतो, लंगडतो, यातलं काही असेल तर आधी पशुवैद्य. खोगिराची गोष्ट त्यानंतर. दुखऱ्या पाठीचं माप घेऊन बनवलेलं खोगीर पाठ बरी झाल्यावर बसणार नाही.

पायरी ४: जुळवणी

आराखड्यावरून जाड पुठ्ठा कापायचा आणि आपल्याकडच्या खोगिराच्या खाली, पुढच्या बाजूला धरून बघायचा. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू आणि ट्रीचा कोन समांतर हवा. खोगीर खालच्या टोकाला चिमटत असेल तर ते अरुंद. फक्त वरच टेकत असेल तर ते जास्त रुंद.

मग ग्राहकाकडे पोचल्यावर बघायच्या गोष्टी. खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, ते आपोआप जिथे थांबतं ती त्याची जागा. ट्रीचं टोक खांद्याच्या हाडाच्या मागेच हवं, हाडावर नको. स्वार बसल्यावरही विदर्सच्या वर दोन-तीन बोटं मोकळी जागा हवी. खालच्या दोन गाद्यांमधली वाट इतकी रुंद हवी की पाठीचा कणा कुठेच दाबला जाणार नाही, साधारण तीन-चार बोटं. गाद्या पुढून मागे सारख्या टेकल्या पाहिजेत. पुढे आणि मागेच टेकल्या आणि मधे पोकळी राहिली तर खोगीर पुलासारखं झालं, सगळा भार चार जागी. उलट फक्त मधेच टेकलं तर ते झोपाळ्यासारखं पुढे-मागे डुलतं.

आणि शेवटची बरगडी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी जिथे पाठीला मिळते त्याच्या मागे खोगीर जाता कामा नये, कारण त्यामागे पाठीला बरगड्यांचा आधार नाही.

पॅड घालून भागवू का?

हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. मराठीत खोगीरभरती हा शब्द आपण उगाच वापरत नाही! रुंद खोगिराखाली थोडं पॅड, तात्पुरतं, विचार करून चालतं. अरुंद खोगिराखाली जाड पॅड म्हणजे घट्ट बुटात दोन जोड मोजे घालणं. आणखी घट्टच होणार.

भरती बदलून काय सुधारतं तेही ग्राहकाला स्पष्ट सांगा. खोगिराच्या गाद्यांत लोकर भरलेली असेल तर ती कमी-जास्त करता येते. घोड्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा असणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा मोठ्या बाजूला मोकळीक ठेवून ट्री निवडायची आणि लहान बाजूला भरती जुळवायची. पण चुकीच्या रुंदीची ट्री भरतीनं बरोबर होत नाही. ट्री चुकली की सगळं चुकलं.

ट्रायल: विश्वासाला लेखी रूप

एवढं सगळं करूनही काही खोगिरं बसणार नाहीत. हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा. या मुलानं काय ठेवलंय ते नमुना म्हणून सांगतो. तुमचे आकडे तुम्ही ठरवा.

१. लांबून माप घेण्याची फी ७५०. खोगीर घेतलं तर बिलातून वजा. फुकट सल्ला दिला की दहा जण फोटो पाठवतात आणि दोघंच गंभीर असतात. फी घेतली की फोटोसुद्धा नीट येतात.

२. पूर्ण रक्कम आधी, सात दिवसांची ट्रायल. बसलं नाही तर रक्कम परत, येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाचा. माप जुळवण्यात चूक आपली असेल तर तो खर्च आपला.

३. पहिल्या दिवशी स्वार न बसवता फक्त ठेवून फोटो. ते बघून आपण हो म्हटलं तरच स्वारी.

४. ट्रायलमध्ये खोगिराखाली स्वच्छ पातळ कापड, आणि रिकिबीच्या पट्ट्यांवर जुने लांब मोजे चढवायचे, म्हणजे चामड्यावर वळ उठत नाहीत. दोन रुपयांची युक्ती, हजारो रुपयांचं खोगीर नवं राहतं.

५. सहा महिन्यांनी फेरतपासणी. खुराक, काम, ऋतू बदलला की घोड्याची पाठ बदलते. आज बसलेलं खोगीर कायम बसेल असं वचन कधीच द्यायचं नाही.

हे पाचही मुद्दे मराठीत, एका पानावर, पैसे घेण्याआधी पाठवायचे. "सर, ग्राहकाला वाटेल हा किती किचकट माणूस आहे!" वाटू दे. किचकट माणसाकडून घेतलेला माल परत कमी येतो.

नाही म्हणायचा दिवस

आता सगळ्यात अवघड भाग. मागच्या हिवाळ्यात एका गृहस्थांनी फोटो पाठवले. उंचपुरे, वजनदार. घोडा मात्र लहान चणीचा, आखूड पाठीचा. त्यांना बसायला १८ इंची बैठक हवी. आराखडे आले, मुलानं मोजलं. १८ इंची खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जात होतं. आखूड गाद्यांचं मॉडेल बघितलं, तरी जमेना.

गोदामात १८ इंची माल पडून होता. गृहस्थ पैसे पाठवायला तयार होते. महिना अडचणीचा होता. त्यानं मला फोन केला, "सर, ते म्हणतायत, तुम्ही फक्त पाठवा, पुढचं मी बघतो."

मी त्याला उत्तर दिलं नाही. मी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या घोड्यावर ठेवलं असतंस का?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "नाही ठेवलं असतं." त्यानं त्या गृहस्थांना स्पष्ट लिहिलं: या घोड्यावर तुम्हाला बसेल असं खोगीर माझ्याकडे नाही, आणि हा घोडा तुमच्यासाठी लहान आहे. फी परत केली. गृहस्थ रागावले, बोलले, फोन ठेवला.

परवा त्यांचाच मेसेज आला. खाली चार फोटो. मोठा घोडा, सपाट जमिनीवर, कॅमेरा पाठीच्या उंचीवर. सोबत ओळ, "आता याचं माप घ्या." खोगीर विकलं जाईल का ते अजून ठरायचंय, आराखडे यायचेत. पण फोटो कसे काढायचे ते त्यांना न सांगता कळलं होतं. म्हणजे पहिल्या वेळी पाठवलेलं ते एक पान त्यांनी रागातही जपून ठेवलं होतं.

धडा २: लांबून विकताना तुमचा "नाही" सुद्धा माल असतो. तो नीट बांधून, कारणासकट पाठवा.

तुमच्या धंद्यासाठी

खिडकीच्या जाळ्या, कुरिअरनं जाणारे ब्लाउज, चष्म्याची फ्रेम, कुंड्यांचे स्टँड, सोफ्याची कव्हरं, काहीही असो. प्रश्न तेच. ग्राहक सांगतो ते माप कोणाचं? तो फोटो चुकीचा काढेल तर तुम्हाला कसं कळेल? फोटोत न दिसणारी गोष्ट कोणती, आणि ती ग्राहकाच्या हातांनी कशी तपासून घ्याल? बसलं नाही तर खर्च कोणाचा? आणि कोणत्या वेळी तुम्ही विकणार नाही?

गृहपाठ

रविवारपर्यंत तीन कामं करा. एक, तुमच्या मागच्या पाच परताव्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, कोणता प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं. दोन, तुमच्या वस्तूसाठी ग्राहकाला पाठवायचं माप-पान एका पानात बसवा, शेजारच्या काकूंना वाचायला द्या आणि त्यांना न विचारता जमतंय का ते बघा. तीन, वर केला तसा एका परताव्याचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा.

पुढच्या भागात ट्रायलची रक्कम किती घ्यायची आणि ती हिशेबात कुठे लिहायची, ते बघू. तोपर्यंत माप नीट घ्या, आणि मोघम ऑर्डर घेऊ नका.